आग्रा रोडखालची वाट

रोमन लोकांनी दगडी फरसबंदीचे रस्ते बांधले. युरोपात कित्येक शहरांत आजच्या डांबराखाली ते अजून सापडतात. आपले जुने व्यापारी मार्ग म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. दर पावसाळ्यात त्या पुसल्या जायच्या. मग दोन हजार वर्षांपूर्वीची वाट नाशिकच्या रस्त्यांखाली शोधायची कशी? मला वाटतं, वाटसरूंसाठी कोणी काय करून ठेवलं होतं ते बघावं. वाट आपोआप दिसू लागते.

मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच पांडवलेण्यांचा डोंगर आहे. लेणी चोवीस. त्यातल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा शक क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने भडोच, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि वसईजवळचं सोपारा इथे मुक्कामाच्या जागा बांधल्या, विहिरी आणि तळी केली. तापी, दमण, डहाणू अशा सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या.

हा लेख माझ्या दृष्टीने नकाशाच आहे. त्यातली ठिकाणं रेघेने जोडून बघा. सोपाऱ्याहून गोवर्धनला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो, आणि त्यासाठी जवळचा घाट म्हणजे कसाऱ्याचा थळ घाट. पुढे मंदसौर गाठायचं तर तोंड माळव्याकडे करावं लागतं. आपला आग्रा रोडही घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे करत माळव्यातच जातो. दुसऱ्या टोकाला समुद्र. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, पैठण ही आपली गावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असंही त्यात आहे. तिथला माल बंदरात जायचा आणि जहाजाने थेट रोमन साम्राज्यात पोचायचा.

उषवदाताच्या पाणपोया वाचताना मला मोहरममधली सबील आठवते. सबील या अरबी शब्दाचा मूळ अर्थ वाट. वाटेवर तहानलेल्याला पाणी पाजायचं, म्हणून त्या जागेलाही सबीलच म्हणू लागले. जकातीचे जे आठ हक्कदार कुरआनने सांगितले आहेत, त्यात शेवटचा 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेचा लेक, मुसाफिर. धर्म वेगळा, काळ वेगळा, पण वाटसरूचा आपल्यावर हक्क आहे ही समज तीच.

याच वाटेने आलेला आणखी एक माणूस सतरा क्रमांकाच्या लेण्यात भेटतो. नाव इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा. स्वतःची ओळख तो देतो ती अशी: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, 'योणक'. योणक म्हणजे यवन. त्याने हे लेणं आणि पाण्याची टाकी आईवडिलांसाठी कोरवून घेतली आणि भिक्षुसंघाला दिली. आपण मयत आईवडिलांच्या नावाने सवाब पोचवतो, त्याच्या जवळचंच हे.

वर्गात एकदा जुन्या मराठीतला 'यवन' शब्द आला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, यवन म्हणजे आपणच ना?" मुलगी सातवीतली. आवाजात तक्रार नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: यवन आणि युनानी. आपल्या मोहल्ल्यातल्या युनानी दवाखान्यातला 'युनानी' आणि हा 'यवन' हे सख्खे भाऊ. दोघांचं मूळ आयोनिया, ग्रीकांचा प्रदेश. यवन म्हणजे आधी ग्रीक. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही तो शब्द चिकटत गेला आणि चिकटता चिकटता शिवीसारखा झाला.

तो तिटकाराही जुनाच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच डोंगरावर तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगते. शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा असं ती त्याला म्हणते. थोडं चाललं की सतरावं लेणं, तिथे यवनाचं दान. राजाची प्रशस्ती आणि परक्याचं दान एकाच कातळात आहे. दोन्ही वाचायला हवं. फक्त पहिलं वाचलं तर त्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो.

आणि वाट तर थांबलीच नाही. 1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर याच आग्रा रोडच्या गावात, मालेगावात, येऊन माग लावून बसले. उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडेच. दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे. व्याजाचा दरसुद्धा भिंतीवर कोरलेला आहे. विणकरांवर तेवढा भरवसा होता.

पुढच्या वेळी पांडवलेण्यांवर गेलात तर फोटो काढून लगेच उतरू नका. मुलांना दहावं लेणं दाखवा, तिसरं दाखवा आणि सतरावं तर दाखवाच. मग खाली हायवेवर धावणारे ट्रक दाखवून विचारा, यातला बाहेरचा कोण?