अकरावा फोटो

आईच्या उजव्या डोळ्याचा एकच ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा फोटो, माझ्याजवळ आहे. सिग्नल दहापैकी आठ, नस बरोबर मध्यात, एकही रक्तवाहिनी तुटलेली नाही. तो अकरावा प्रयत्न होता. आधीचे दहा मी त्याच दुपारी पुसले आणि हा अकरावा नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत राहिलो.

डोळ्यांचे फोटो काढण्यात माझी तेवीस वर्षं गेली. ओतूर, जुन्नर, मंचर, घोडेगाव आणि डिंभ्याच्या वरचा सगळा पश्चिम पट्टा. इथली म्हातारी माणसं मला चेहऱ्यावरून आठवत नाहीत, पडद्यावरून आठवतात. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभं केलं आणि खेड्यापाड्यांतले मोतीबिंदू शस्त्रक्रियेपर्यंत आणले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी काम केलं दुसरीकडे. पण शिबिराचं नाव काढलं की आमच्या भागातली आजीबाई निर्धास्तपणे गाडीत बसते, ती त्यांच्या पुण्याईवर, हे मला रोज दिसतं.

अलीकडे सुना विचारतात, “आत्याबाईंचं हे म्हातारचळ आहे का, पडद्यात कळतं का हो?” कुठं तरी वाचलेलं असतं. प्रश्न खुळा नाही. पडदा हा मेंदूचाच पुढं आलेला भाग. अल्झायमरनं गेलेल्या माणसांच्या नेत्रनसेत तंतू कमी झालेले असतात, हे १९८६ मध्येच दाखवलं गेलं. १९९१ मध्ये ओसीटी आलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्यात तो तंतूंचा थर मोजता येऊ लागला. आजारी माणसांच्या गटात हा थर सरासरीनं पातळ भरतो, असं अनेकांनी मोजून सांगितलं आहे.

आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. तो ओळखायचा कसा? कागदावर घड्याळ काढायला सांगायचं? जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही, मनगटाला घड्याळ बांधलं नाही, तिला? फोटोला शाळा लागत नाही. म्हणून मला या कामाची फार ओढ वाटली.

पण थर असतो साधारण शंभर मायक्रॉनचा. आजारानं पडणारा फरक थोड्या मायक्रॉनचा, आणि मशीनची नजरच पाच मायक्रॉनच्या आसपास. नुसत्या वयानं दर दहा वर्षांत दोनेक मायक्रॉन जातात. काचबिंदू हेच तंतू खातो. मोतीबिंदू असला की सिग्नल मंदावतो आणि थर आहे त्याहून पातळ दिसतो. शस्त्रक्रिया झाली की तोच थर जाड भरतो, आत एकही तंतू नवा उगवलेला नसताना. गटाचं गटापाशी ठीक आहे. समोर बसलेल्या एका आजींबद्दल त्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. एका फोटोत म्हातारचळ ओळखून देतो असं गावात येऊन सांगणाऱ्यांचा मला संताप येतो.

माझं घोडं मात्र याच्याही अलीकडे अडलं आहे. मशीनच्या आत दिसणाऱ्या हिरव्या चांदणीकडे दोन-तीन सेकंद टक लावून बघायचं, एवढंच मी माणसाकडून मागतो. ज्याचं भान निसटत चाललंय, त्याला नेमकं तेवढंच जमत नाही. चांदणी सापडते, पुन्हा सुटते, आणि आपण कशासाठी बसलोय तेच विसरायला होतं. ज्याचा फोटो सगळ्यात जास्त हवा, त्याचाच निघत नाही. सिग्नल सहाच्या खाली गेला की आम्ही फोटो बाद करतो. अभ्यास करणारेही बाद करतात. मग हिशेबात उरतात कोण? ज्यांना अजून टक लावता येते ते. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जेवताना, एसटीत, रात्री दोन वाजता मी यावरच येतो.

पूर्वी हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण मला चांगल्या फोटोचा गर्व होता. हलणारा डोळा मी पकडून दाखवायचो. दुसऱ्यानं सोडून दिलेलं माणूस माझ्याकडे पाठवत, आणि ते मला फार आवडायचं.

गेल्या माघात घोडेगावच्या शिबिरात आहुप्याकडच्या एक आजी आल्या. हिरडा वेचून बोटं काळी पडलेली. सोबत सून. माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी कागदाच्या कडेला उभ्या रेघा मारत होती. मी विचारलं, “हे काय?”

“सर, चांदणी कुठंय ते आजींना किती वेळा सांगावं लागलं, ते.”

सात रेघा होत्या, एका डोळ्याच्या. “कागद खराब करू नकोस,” मी म्हणालो. त्या रात्री मला आईच्या वेळचे दहा आठवले.

“आई, समोर बघ.” “बघतेय की.” घटकाभरानं, “काय बघू रे?” असं दहा वेळा. मागं रांग होती. मी आईवर सगळ्यांदेखत आवाज चढवला. शेवटी मदतनिसाला तिचं डोकं मागून धरायला लावलं, पापणी वर केली आणि फोटो काढला. पुढं एका कार्यशाळेत त्याचं कौतुक झालं. डोळा माझ्या आईचा आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या फोटोत काही नाही. थर वयाला शोभेल असा. दोन वर्षांनी पुण्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. परवाच्या श्रावणात ती गेली.

आता नवे कॅमेरे स्वतःच क्षण धरतात. फोनवर बसणारे, बंगळुरूत घडलेले कॅमेरे मधुमेहाच्या माणसांसाठी उत्तम आहेत, मी ते वापरतो. पण ज्यांत आपोआप फोटो निघतो ते डोळा स्थिर झाला की टिपतात आणि आधीची धडपड कुठंच नोंदवत नाहीत. मी हातानं पुसायचो, ते आता आपसूक होतं. खोडदला शिबीर असलं की तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या दिसतात. तिथं नको असलेला आवाज आधी ओळखतात, मग बाजूला काढतात. आम्ही ओळखण्याची पायरीच ठेवली नाही.

त्या मुलीला मी रेघा मारू देतो. फोटो एकही पुसत नाही. डिस्क भरते, त्यावरून बोलणी खातो. सांगण्याची रीत बदलली. आधी कानाचं विचारतो, थेंब टाकल्यावर बसू देतो, चांदणी कुठं दिसली ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. रेघा तरी कशाच्या, याची खात्री नाही. भीतीच्या असतील, बहिरेपणाच्या असतील.

आहुप्याच्या आजींचा मोतीबिंदू निघाला आणि त्या चैत्रात परत आल्या. सिग्नल पाचाचा आठ झाला होता. रेघा दोनच. सून म्हणाली, आता घरातही पुष्कळ सावरल्यात, नातवंडांची नावं चुकत नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये उपचार न झालेली अधू नजर स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत धरली, ती उगीच नव्हे. मुलगी हरखली होती. म्हणाली, “म्हणजे सर, आजींना चांदणी दिसतच नव्हती.”

मी हो म्हणालो. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू त्या फोटोच्या चार वर्षं आधीच काढलेले होते.