मागच्या डाव्या दाराची बिजागरी

अँबॅसडरचे दार आपटल्याशिवाय लागत नाही, तो त्या गाडीचा स्वभावच आहे, असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. गाडी नवी असताना तिचे दार नुसते ढकलले तरी लागत असे. आपटावे लागते ते बिजागऱ्या झिजल्यावर. आणि चारही दारांच्या बिजागऱ्या सारख्या झिजत नाहीत. कोणते दार किती खाली आले आहे हे नीट पाहिले तर त्या गाडीत कोण बसत होते आणि कोण कोणासाठी उतरत होते, हे सांगता येते. आमच्या घरी सिल्लोडला अशी एक गाडी आहे, म्हणून लिहितो.

गाडी १९९४ सालची, पांढरी, डिझेलवर चालणारी. बाबा तिच्यावर ड्रायव्हर होते. मालक निराळा, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, टुरिस्ट गाड्यांचा धंदा करणारा. अजिंठ्याची लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. ती पाहायला जपान, श्रीलंका, थायलंडहून येणारी माणसे बाबांच्या गाडीत बसत. शहरापासून लेणी शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. वाटेत आमचे घर लागे, पण पाहुणे बसलेली गाडी घरासाठी थांबवायची नाही, असा नियम. बाबा सिल्लोडच्या फाट्यावर दोनदा हॉर्न वाजवीत आणि पुढे जात. आई घरात म्हणायची, "गेले."

ड्रायव्हरच्या नोकरीत गाडी चालवण्याइतकेच दार उघडण्याचे काम असते, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. गाडी थांबली की बाबा आधी स्वतः उतरायचे, वळसा घालून डाव्या बाजूला यायचे, मागचे दार उघडायचे, आणि पाहुण्याचे डोके लागू नये म्हणून वरच्या काठावर हात धरायचे. पाहुणा बसताना पुन्हा तेच. चहाला थांबा, फोटोला थांबा, हॉटेलच्या दारात थांबा. एका फेरीत आठ-दहा वेळा तरी हे होई, आणि अशी बारा वर्षे गेली. म्हणून आमच्या गाडीची दोन दारे जास्त झिजलेली आहेत: ड्रायव्हरचे आणि मागचे डावे. पुढच्या डाव्या दाराला, जिथे कधीतरी गाईड बसे, अजून काही झालेले नाही.

२००६ साली मालकाने नव्या पद्धतीच्या गाड्या घेतल्या आणि ही विकायला काढली. बाबांनी ती घेतली. आईच्या बचत गटाचे कर्ज होते, थोडे पगारातून कापून घ्यायचे ठरले, तर थोडे मामाने दिले. पिवळी पाटी जाऊन पांढरी आली. त्या दिवशी बाबांनी गाडी दारात उभी केली, वळसा घालून आले, मागचे डावे दार उघडले, वर हात धरला आणि आईला म्हणाले, "या बाईसाहेब, बसा." आई म्हणाली, "अहो, लोक बघायलेत." पण बसली. तेव्हापासून ती जागा आईची.

या गाडीविषयी दोन शब्द सांगतो. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसडर तयार होत असे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून ती घेतली होती, आणि १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत, थोडेथोडके नव्हे तर साडेपाच दशके, जवळपास त्याच अंगाने निघत राहिली. मंत्री, कलेक्टर, डॉक्टर, टॅक्सीवाला, सगळ्यांची गाडी एकच. २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबला, आणि २०१७ साली अँबॅसडर हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ऐंशी कोटींना विकत घेतले. नाव परदेशी गेले आणि गाड्या इथेच राहिल्या. त्यांचे सामान आता कोलकात्याच्या मल्लिक बाजारात, दिल्लीच्या काश्मिरी गेटला, मुंबईत कुर्ल्याला शोधावे लागते. सिल्लोडच्या माणसाने एका बिजागरीसाठी कोलकात्याला कुठे जायचे?

बाबा २०२१ साली गेले. गाडी आईच्या नावावर केली. मी वाळूजला कंपनीत फिटर आहे, सुट्टीच्या दिवशी सिल्लोडला येतो. तेवढ्यातच गाडी निघायची: आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायला, ताईकडे जायला, नात्यातल्या लग्नाला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. उतरताना ती उघड्या दाराची वरची कड धरते आणि सगळा भार त्यावर टाकून उठते. आधीच झिजलेली बिजागरी तो भार किती दिवस सोसणार? दार इतके खाली आले की लावताना एका माणसाने ते खालून उचलायचे आणि दुसऱ्याने ढकलायचे. दाजी म्हणाले, "दार लावायला दोन माणसं लागत असतील तर ही गाडी कशाला ठेवता? भंगारवाला रोख देतोय." दाजींचे बोलणे चुकीचे नव्हते. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली. आमची मुदत २०२४ मध्ये संपत होती. तपासणीला गाडी उभी करायची तर दार धड लागले पाहिजे. नाही लागले तर दाजींचा भंगारवाला होताच. आई यावर काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "तुमच्या कंपनीत एवढं लोखंड कापता, त्यात एक दार नीट होत नाही का?"

आता बिजागरी कशी झिजते ते सांगतो, कारण घरच्या कपाटापासून ट्रॅक्टरपर्यंत गोष्ट एकच आहे. एका दाराला दोन बिजागऱ्या, एक वर, एक खाली. दाराचे वजन बाहेरच्या टोकाकडे ओढते, म्हणून वरची बिजागरी खांबापासून सुटायला पाहते आणि खालची खांबावर दाबली जाते. आतील पिन रोज थोडी घासते, भोक गोल राहत नाही, अंड्यासारखे होते. दोन बिजागऱ्यांमधले अंतर समजा एक फूट आणि दाराची रुंदी तीन फूट. मग बिजागरीत एक मिलिमीटर ढिलाई आली की कुलुपाकडचे टोक तीन मिलिमीटर खाली येते. म्हणजे झीज डोळ्याला दिसत नाही आणि दार मात्र लागत नाही. भर म्हणून दाराच्या तळाला पाणी निघायची जी भोके असतात ती आपल्याकडच्या मातीने बुजतात. आत चिखल साचतो, दार जड होते, पत्रा सडतो. एक तार घेऊन ती भोके पावसाळ्याआधी मोकळी करणे, एवढे काम कोणीही करू शकतो.

सिल्लोडला एक जुने डेंटर चाचा आहेत. बाबांची आणि त्यांची ओळख टुरिस्ट गाड्यांच्या दिवसांपासूनची. आपण घरात बिजागरी म्हणतो, गॅरेजात तिला कब्जा म्हणतात. चाचांनी दार अर्धे उघडले, टोक हाताने वर-खाली हलवले आणि डोळे मात्र खांबाकडे ठेवले. हीच खरी परीक्षा. पिनेजवळ हालचाल दिसली तर झीज पिनेची. बिजागरीची पट्टीच खांबावर हलत असेल तर पेच ढिले आहेत किंवा खांबाचा पत्रा कुजला आहे. मग नवी बिजागरी आणून काही उपयोग नाही, आधी पत्रा धरावा लागतो. आमचे चाचा म्हणाले, "कब्जे मर गये बेटा, खंबा जिंदा है." मला एवढेच ऐकायचे होते.

यात लोक काय काय करतात तेही चाचांनी दाखवले. कोणी खांबावरची कुलुपाची पट्टी खाली सरकवतो. दार लागते, पण वाकडेच लागते. वर फट राहते, पावसाचे पाणी आणि मिरचीच्या हंगामातला धुरळा आत येतो. कोणी बिजागरीत लाकडाचा ठोकळा धरून दार दाबतो, म्हणजे बिजागरी वाकून दार वर येते. ते महिनाभर टिकते. कोणी भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडतो. हे चांगले, पण भोक सरळ रेषेत पडले नाही तर दार अडखळते. मला यांतले काही करायचे नव्हते. मी फिटर आहे, लेथवर माझी माणसे आहेत.

एका रविवारी दार काढले. आधी बिजागरीच्या कडेने खांबावर टोकदार खिळ्याने रेघ मारली, म्हणजे बसवताना जागा चुकत नाही. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा, रंग खरचटू नये म्हणून. पेच गंजून बसले होते. त्यांना आदल्या दिवसापासून डिझेल पाजत होतो. जोर करून पेचाचे डोके खाऊन टाकण्यापेक्षा एक रात्र थांबलेले बरे. भाच्याने दार धरले. हे एकट्याचे काम नव्हे. दार सुटले तर पायावर पडते. पिना पंच लावून ठोकून काढल्या. वरची पिन मधोमध इतकी खाल्लेली की कंबर असल्यासारखी दिसत होती.

वाळूजला एका ओळखीच्या लेथवर भोके मोठी करून त्यांत गनमेटलचे बूश बसवले आणि कठीण पोलादाच्या नव्या पिना करून घेतल्या. बिजागरीच्या दोन्ही बाजू एकत्र आवळून एकाच वेळी रीमर फिरवला, म्हणजे भोके एका रेषेत येतात. पिन कठीण आणि बूश मऊ ठेवण्यात हिशेब आहे: झिजायचेच असेल तर स्वस्त वस्तू झिजावी. पाच-सात वर्षांनी बूश बदलले की झाले, बिजागरी तशीच राहते. बाजारातल्या साध्या सळईची पिन कोणी करून देईल, ती घेऊ नये, ती मऊ असते. लेथवाल्याने पैसे कमी घेतले, कारण त्याच्या वडिलांकडेही अँबॅसडर होती. या गाडीने किती माणसे जोडून ठेवली आहेत!

पुढच्या रविवारी दार चढवले. रेघेवर रेघ जुळवली, पेच आधी अर्धे आवळले, दार लावून चारही बाजूंची फट पाहिली, मग पूर्ण आवळले. कुलुपाची पट्टी सगळ्यात शेवटी हलवायची, आधी नाही. ती पूर्वी कोणीतरी खाली सरकवलेली होती, ती मूळ जागी आणली. बिजागरीवर बाहेरून ग्रीस फासायला चाचांनी मनाई केली. आपल्याकडच्या धुळीत ग्रीस म्हणजे सॅंडपेपर. त्यापेक्षा महिन्याला पातळ तेलाचा एक थेंब पिनेवर टाकावा. आणखी एक काम त्यांनी न विचारता केले: आतून छताच्या कडेला धरायला एक पट्टा बसवला. "अम्मा ने दरवाजा नहीं पकडना, ये पकडना," म्हणाले. भार छतावर गेला, दार मोकळे राहिले. हे मला फिटर असून सुचले नव्हते.

ड्रायव्हरच्या दाराचेही असेच केले. पुढच्या डाव्या दाराला हात लावला नाही. जे चालते आहे ते उघडू नये, असे माझे मत आहे.

दाजी पाहायला आले. त्यांनी दार उघडले, लावले, परत उघडले. मग म्हणाले, "आवाज बदलला हो हिचा." खरेच बदलला होता. पूर्वी धाडकन् आवाज व्हायचा, आता नुसता 'टक' होतो.

मुदत संपायच्या आधी गाडी संभाजीनगरला तपासणीला नेली. आई मागे डावीकडे बसली होती. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, धूर पाहिला, आणि प्रत्येक दार एकेकदा उघडून लावले. मागच्या डाव्या दारापाशी आई बसली आहे हे पाहून ते थांबले. आईने पट्टा धरून स्वतःच दार उघडले, त्यांना नीट दिसावे म्हणून, आणि ओढून लावून घेतले. नोंदणी २०२९ पर्यंत मिळाली. परतताना फुलंब्रीला चहा घेतला. आई म्हणाली, ड्रायव्हरकडची काच खाली जात नाही, तेवढं बघ आता. ती अजून बघायची आहे.