ग्रहण आणि सुरी

7 सप्टेंबर 2025च्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होते. भावजयीला सातवा महिना. बाळाचा ओठ फाटेल म्हणून अम्मींनी सुरी लपवली, तिचे पाणीही बंद केले. वास्तविक गर्भाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. मग पृथ्वीच्या सावलीने चंद्र 82 मिनिटे पुरता झाकला काय नि न झाकला काय! पण अम्मींपुढे विज्ञान चालत नाही. मी आठवण दिली: पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचे चिमुकले इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी संबंध जोडला. तेव्हा ऐन दुःखात पैगंबरांनी (सल्ल.) सांगितले की, ग्रहण कोणाच्या मरणाने वा जन्माने लागत नाही; आणि नमाजची ताकीद दिली.

अम्मी वुजूला उठल्या. भावजय दोन पेले पाणी प्यायली. सुरी मात्र सकाळीच सापडली.