ठणका थांबला तेव्हा

गळीत हंगाम सुरू झाला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन दुखणी हटकून येतात, कंबर आणि दाढ. कंबर धरलेला माणूस बोलतो. चमक कुठून निघते, कुठवर जाते ते हात लावून दाखवतो. दाढ धरलेला माणूस बोलत नाही. पदर नाहीतर टॉवेल गालाशी दाबून उभा राहतो आणि बोटानं जबडा दाखवतो. मागणी ठरलेली असते, "भारीतली गोळी द्या, उद्या कामावर जायचंय."

आमचं गाव कृष्णाकाठचं. कारखाना जवळ, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यांच्या कोप्या ओढ्याच्या कडेला असतात. त्यातल्याच पाटोद्याकडच्या एका बाईंना मी आक्का म्हणते. पन्नाशीच्या आसपासच्या, बांध्यानं बारीक, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना बघावं तर पाय जराही डळमळत नाही. त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा गालाला हात नव्हता. "ताई, गार पाणी लागलं की कळ निघायलीय. गोड खाल्लं तरी निघती. मग लगेच थांबती."

मी मोबाईलचा उजेड धरून बघितलं. मिश्रीनं सगळे दात तपकिरी झालेले, हिरड्यांच्या कडेला काळी रेघ. खाली उजवीकडे, मागून दुसऱ्या दाढेच्या मध्यावर, तांदळाचा दाणा बसेल एवढा काळा खड्डा. दुखण्याची ही पहिली पायरी. दातावर साचलेल्या थरातले जंतू आपल्या खाण्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कठीण कवच झिजतं. कवचाला संवेदना नसते, म्हणून तोवर काहीच कळत नाही. खड्डा त्याच्या आतल्या थरात उतरला की गार आणि गोड झोंबायला लागतं. या वेळी किडलेला भाग कोरून सिमेंट भरलं की काम होतं, दाढ वाचते, खर्चही थोडा. किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे दाताच्या लेखी जास्त मोठं असतं. फडात पहाटेपासून कोरा गोड चहा घोट घोट चालू असतो, त्यामुळे तोंडातलं आम्ल ओसरायला सवडच मिळत नाही.

मी आक्कांना म्हटलं, आत्ताच दातांच्या डॉक्टरांकडे जा. त्या म्हणाल्या, "खाडा पडंल."

हे नीट सांगायला हवं, कारण दातदुखीवर लिहिलं जातं तेव्हा माणसं 'हयगय करतात' असं एका वाक्यात उरकलं जातं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक जण बसला की कोयता बसला. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर खाड्याचे पैसे अंगावर पडतात. ज्या दाढेची कळ पाण्याच्या घोटाबरोबर येते आणि घोट संपला की जाते, तिच्यासाठी एवढी किंमत मोजायला कोण तयार होईल? आक्कांचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो हिशोब त्यांना करायला लावणारी व्यवस्था चुकीची आहे, हे मात्र मी कुठंही म्हणेन.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा पदर गालाशी होता. आता गार पाण्यानं उलट बरं वाटत होतं आणि चहानं जीव जात होता. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून कोपीत बसून रात्र काढत होत्या. दाढेच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गाभा असतो. शरीरावर कुठंही सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. दाढेच्या भिंती दगडासारख्या. आतला गाभा सुजला की सगळा दाब नसेवरच येतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्र वैऱ्याची. गरमानं उठलेली कळ बराच वेळ रेंगाळायला लागली, झोपेतून उठवायला लागली, की गाभा आता बरा व्हायचा नाही असं समजायचं. मग दोनच वाटा उरतात, मुळाशी जाऊन गाभा काढणं, म्हणजे रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणं.

"हायपॉवर द्या," असं आक्कांच्या सोबतचा भाचा म्हणाला. हायपॉवर म्हणजे अँटिबायोटिक. चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही, आणि कायदा आहे एवढंच त्याचं कारण नाही. नुसत्या गाभ्याच्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच होत नाही. सूज, ताप, पू पसरायला लागला तर डॉक्टर ते देतात, तेही दाढेवर इलाज करण्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे.

ठणका तात्पुरता दबवायला पॅरासिटामॉल बऱ्याच जणांना चालतं. पण काउंटरवर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डबल गोळ्यांची. दाढदुखीची म्हणून मिळणाऱ्या कित्येक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वर माणूस तापाची, अंगदुखीची गोळी घेतो, तीही तीच. मोठ्या माणसानं दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते जाऊ देऊ नये, यकृताला इजा होते. अंगानं बारीक असलेल्यानं, दारू पिणाऱ्यानं तर त्याच्याही बरंच अलीकडे थांबावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ठणक्यावर चांगलं काम करतात, पण पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नये. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं नस जराशी बधिर होते. कापसाच्या बोळ्याला एखादा थेंब लावून फक्त खड्ड्यात टेकवायचा, हिरडीला लागलं तर पोळतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेखाली दाबून ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोलवटलेली असते. ॲस्पिरिन पोटात जाऊनच काम करतं, दाढेखाली ठेवून नाही. शेक द्यायचा तर गालावर बाहेरून गारच द्यावा. आक्का झोपताना दाढेत मिश्री भरत होत्या. ती थांबवा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, पण डबी कनवटीलाच राहिली.

टोळीत एक म्हातारबाबा होते. त्यांनी भुईरिंगणीच्या वाळलेल्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर आक्कांच्या दाढेला दिला. आमच्याकडेही जुन्या माणसांना हा उपाय माहीत आहे. धुरानं कीड बाहेर पडते असा समज. बाबांनी पैसे घेतले नाहीत, रात्रभर कण्हणाऱ्या बाईसाठी त्यांना जे ठाऊक होतं ते केलं; त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण दाढेत अळी नसते. 1728 साली पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात हे लिहून ठेवलं आहे. किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याला अळी सापडली नव्हती.

त्यानंतर दोन-तीन रात्रींत ठणका थांबला.

आक्का मुद्दाम सांगायला आल्या. चेहरा उजळलेला, गरम चहा पिता येत होता. "ग्येलं दुखणं, ताई." धुराचा गुण आला, असं सगळी टोळी म्हणत होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला, आणि ही सगळी हकिगत लिहायला बसले ती या एका क्षणासाठी. आठवडाभर ठणकणारी दाढ इलाज न करता एकाएकी गप्प होते, तेव्हा ती बरी झालेली नसते. आतला गाभा मेलेला असतो. नसच मेली, मग कळ कोण सांगणार? जंतू मात्र तिथंच असतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. दुखत असताना माणूस निदान इलाज शोधत फिरतो. दुखणं थांबलं की तो कामाला लागतो, आणि नेमकं याच दिवसांत डॉक्टरांकडे जाणं सगळ्यात गरजेचं असतं. मी हे त्यांना सांगितलं. दाढेवर बोटानं टकटक करून बघा म्हटलं. त्यांनी केलं आणि डोळे बारीक झाले. "थोडं लागतंय." मुळाशी सूज असल्याची ती खूण होती.

पुढच्याच आठवड्यात भाचा मोटारसायकलवरून धावत आला. आक्कांचा उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत सुजला होता, अंगात ताप, तोंड दोन बोटांपुरतंच उघडत होतं. मी आधी जबड्याखाली हात लावून बघितला. खालच्या मागच्या दाढांची मुळं खोल असतात, तिथला पू जिभेखाली आणि मानेत उतरू शकतो. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी घट्ट सूज आली, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, दम लागायला लागला, तर दातांच्या दवाखान्याच्या वेळा बघत बसायचं नाही. 108 ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठायचं. 1836 साली लुडविग या जर्मन डॉक्टरनं याच आजाराचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं तो आजही ओळखला जातो, आणि श्वासनलिका दाबून तो माणसाचा जीव घेतो. आक्का पाणी गिळत होत्या, सूज एकाच बाजूला आणि मऊ होती. थोडा वेळ हाताशी होता.

मुकादमाशी मी बोलले. खाडा माफ झाला नाही, पण माणूस अडवला नाही. दुकान भावाच्या हवाली करून मी आक्कांना उपजिल्हा रुग्णालयात नेलं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत, हे टोळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दातांचा विभाग आहे हेही नव्हतं. ही गोष्ट कारखान्याच्या गेटवर, प्रत्येक कोपीवर जाऊन सांगावी अशी आहे.

डॉक्टर बाई तरुण होत्या. आधी रक्तदाब आणि साखर तपासली, मग एक्स-रे. मुळाच्या टोकाला हाडात गोल काळा डाग दिसत होता. रूट कॅनाल करून वर टोपी बसवता येईल का, हेही त्यांनी बघितलं. पण दाढेच्या भिंती खचलेल्या, शिवाय त्यासाठी चार फेऱ्या लागणार. आक्का काढायला तयार झाल्या, पण भीती होतीच. "सुजेवर काढत नसत्यात ना? आन् नजर जाती म्हनं." डॉक्टर बाईंनी हातातलं काम थांबवून उत्तर दिलं. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी, दाढ काढल्यानं नजर जात नाही. आणि पू ज्या दाढेमुळे झालाय ती तशीच ठेवली तर सूज नुसत्या गोळ्यांनी पुन्हा पुन्हा येईल. जबड्याच्या मागे भुलीचं इंजेक्शन दिलं, अर्धा ओठ बधिर होईपर्यंत थांबल्या. दाढ निघाली तसा मागून पिवळा पू आला, आणि आक्कांच्या खांद्यातला ताण माझ्या डोळ्यांदेखत सैल झाला.

निघताना सांगितलं ते मी दुकानात आता प्रत्येकाला सांगते. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. दिवसभर थुंकायचं नाही, जोरानं चूळ भरायची नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हीच तिथली मलमपट्टी. ती निघाली तर हाड उघडं पडून दाढदुखीपेक्षा वाईट कळा येतात. मिठाच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून. मिश्री, तंबाखू बंद. अँटिबायोटिक सांगितले तेवढे दिवस पूर्ण. मिश्रीची डबी आक्कांनी त्या दिवशी माझ्या पिशवीत टाकली. त्या पुन्हा लावतात का, ते मी विचारलेलं नाही. हिरड्या मात्र दाखवायला लावते. मिश्रीनं तोंडाचा कर्करोग होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की दात दुखो न दुखो, दाखवायलाच हवं.

काउंटरवर जबडा धरून येणाऱ्या प्रत्येकाची दाढच दुखत असते असंही नाही. एक शेतकरी काका डावा जबडा दुखतो म्हणून गोळी मागत होते. दात सगळे धड. चढ चढलं की दुखतं, बसलं की थांबतं, असं म्हणाल्यावर मी त्यांना गोळी न देता ईसीजीला पाठवलं. दुखणं हृदयाचं निघालं.

यंदाच्या हंगामात आक्का आल्या त्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन. पोराचं काही दुखत नव्हतं. "बघा जरा, काळं दिसतंय. सून म्हणती दुधाची दाढ हाय, पडंल." मी उजेड धरला. दुधाच्या दाढांच्या मागे, सगळ्यात शेवटी आलेली दाढ. सहाव्या वर्षाच्या सुमाराला ती कुठलाही दुधाचा दात न पडता मागच्या रिकाम्या जागी येते, म्हणून घरोघरी दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, पडली तर परत येत नाही. तिच्या खाचेत काळा ठिपका होता. आक्कांनी मला पुढचं बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला फडावर पाठवलं, स्वतःचा खाडा घेतला आणि नातवाला बसनं त्याच रुग्णालयात नेलं. खड्डा कवचापुरताच होता. डॉक्टर बाईंनी भुलीशिवाय कोरून सिमेंट भरलं, आणि दुपारच्या बसनं दोघं परत आली.