इचलकरंजीचें वाचन मंदिर

पंचगंगेच्या परिसरांतील इचलकरंजीस प्रथमच येणाऱ्या प्रवाशाच्या कानीं माणसांच्या बोलण्याआधीं मागांचा खडखडाट पडतो. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून सूत आणि कापड यांवरच या गांवाचा संसार वाढत आला आहे. अशा उद्योगी गांवांत ग्रंथांची चौकशी कोण करणार, अशी शंका परस्थाच्या मनांत सहज येईल. परंतु त्या पहिल्या यंत्रमागाच्याही चौतीस वर्षें आधीं, १८७० सालीं, येथें वाचनालय निघालें होतें. आज तें आपटे वाचन मंदिर या नांवानें ओळखलें जातें. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ चें, कोल्हापूरचें करवीर नगर वाचन मंदिर १८५० चें. त्या जुन्या मालिकेंतच हेंही बसतें. यंत्र येण्यापूर्वीं पुस्तक आलें, ही गोष्ट लहान नव्हे.

वाचनालयाचा खरा लाभ कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही म्हणूं कीं, जें मागावयास आपण गेलोंच नव्हतों तें तेथें हातीं पडतें. ठरविलेला ग्रंथ दुकानांतही मिळतो. न ठरविलेला मात्र कपाटापुढें उभें राहिल्यावांचून भेटत नाहीं. समजा, कादंबरी शोधतां शोधतां कोणी वासुदेवशास्त्री खरे यांचा इचलकरंजी संस्थानचा इतिहास उघडला. येथील जहागीरदार मूळचे जोशी. सेनापति संताजी घोरपडे यांच्या घराण्याविषयींच्या कृतज्ञतेनें त्यांनीं घोरपडे हें आडनांव घेतलें. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनूबाई याच घरची सून. एवढें कळतांच वाचकास पेशवाईचा इतिहास हवासा वाटतो. संस्थानच्या आश्रयाची कथा वाचतांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची ओळख होते, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांचें चरित्र शोधण्यासाठीं पाय पुन्हा कपाटाकडे वळतात. एका पुस्तकानें दुसऱ्याचें दार ठोठावावें, हेंच वाचनाचें सुख. त्यास अंत नाहीं आणि म्हणूनच त्याचा कंटाळाही नाहीं.

या गांवानें तें सुख जपलें आहे. १९७४ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें पन्नासावें अधिवेशन येथेंच भरलें व पु. ल. देशपांडे त्याचे अध्यक्ष होते. तथापि संमेलन तीन दिवसांचें, वाचनालय नित्याचें. तें टिकतें तें मंडपानें नव्हे, घराघरांतून पुस्तक बदलावयास जाणाऱ्या पावलांनीं.

येथेंच आमच्या एकत्र कुटुंबांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. वडिलांनीं हौसेनें जमविलेले ग्रंथ माळ्यावर पडून राहतात. घराची वांटणी होतांना भांड्याकुंड्यांसाठीं सारे भाऊ पुढें येतात; पुस्तकांची पेटी मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं व शेवटीं ती रद्दीच्या तराजूंत जाते. आजोबांनीं समासांत केलेल्या खुणाही तिच्याबरोबर जातात. ती पेटी वेळींच उघडावी, घरीं हवीं तीं पुस्तकें ठेवावीं आणि उरलेलीं जवळच्या वाचनालयास विचारून द्यावीं.

दुसरें असें कीं, सुनांनीं व मुलांनीं काय वाचावें हें एकट्या कर्त्या पुरुषानें ठरवूं नये. त्यानें आणून दिलेलें पुस्तक उत्तम असेल. पण स्वतः शोधून काढलेल्या पुस्तकावर जीव जडतो तसा दिलेल्यावर जडत नाहीं. आठवड्यांतून एकदां सर्वांनीं मिळून वाचनालयांत जावें, प्रत्येकानें आपलें पुस्तक आपण निवडावें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांतील एखादें पान मोठ्यानें वाचावें. चुकीचें पुस्तक निवडलें गेलें तर हानि फारशी नाहीं. पुढील आठवड्यांत तें परत देतां येतें. निवडण्याची संवय मात्र एकदां सुटली, तर ती परत मिळणें कठीण.