कोंबड्या कुणाकडे ठेवल्या?

नंदुरबारमध्ये राहून कथा-कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला पुणं फार लांब पडतं. रेल्वेने पाहिलं तर आमचं तोंड सुरतेकडे, आणि मराठी पुस्तकांचा कारभार मात्र पुण्या-मुंबईत. हस्तलिखित तिकडे पाठवायचं आणि वाट पाहायची. 'साभार परत' सुद्धा हल्ली क्वचितच येतं. याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. अनोळखी लेखिकेची कादंबरी काढणं प्रकाशकाला का जड जातं, ते हिशेब मांडला की कळतं. एके काळी हजार प्रतींची आवृत्ती निघायची, ती आता तीनशे-पाचशेवर आली आहे. विक्रेत्याला ४० टक्के सूट द्यायची. शासनमान्य यादीत नाव लागलं तर ग्रंथालयं घेणार, नाहीतर गठ्ठे गोदामात पडून. हे सगळं समजून घेऊन मी माझी पुस्तकं स्वतः काढायचं ठरवलं.

अशा पुस्तकाकडे आपल्याकडे जरा खालच्या नजरेने पाहतात. कुणी घेतलं नाही म्हणून स्वतः छापलं, असं समजतात. तेव्हा मला जोतीराव फुले आठवतात. 'तृतीय रत्न' हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं आणि कमिटीने ते नाकारलं. जोतीरावांच्या हयातीत ते छापून आलंच नाही. वाचकांपर्यंत पोचायला शंभराहून अधिक वर्षं गेली. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' 'दीनबंधू'त येऊ लागला आणि मध्येच थांबला. तिथे तर थांबवणारे त्यांच्याच चळवळीतले होते. 'गुलामगिरी' मात्र १८७३ मध्ये त्यांनी स्वतः काढली आणि ती त्याच काळातल्या माणसांच्या हातात पडली. एवढं उदाहरण समोर असताना स्वतः छापण्यात कमीपणा कसला?

माझ्यासाठी त्यामागे आणखी एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आमच्या जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के माणसं अनुसूचित जमातींची आहेत. इथे घरात भिली, पावरी, मावची बोलतात, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. मराठी अनेक मुलांना शाळेतच पहिल्यांदा भेटते. मग धडगावचा म्हातारा माझ्या कथेत प्रमाण मराठीत कसा बोलणार? पण तो त्याच्या बोलीत बोलला, की मुद्रितशोधनात त्याचं बोलणं 'शुद्ध' होऊन येतं. नाहीतर दर पानाखाली अर्थ द्या, संवाद कमी करा, असं सुचवलं जातं. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेल्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ चा. इथल्या माणसाचं बोलणं दुसऱ्या कुणी सावरून द्यायची गरज नाही, हे त्याने दाखवलं. गद्यात मला तेवढंच हवं आहे. माझ्या पुस्तकात संवाद जसा ऐकला तसा राहतो, आणि वाचक त्याचा अर्थ लावतो. वाचकावर इतका विश्वास टाकायला हरकत नाही.

हे काम हाताने शिकावं लागतं. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून शेवटचं प्रकरण कुठे संपतं यावर खर्च ठरतो. मजकूर जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला असेल आणि तो युनिकोडमध्ये आणला, तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं सुटतात, 'वाऱ्यावर'मधला अर्धा र गायब होतो. मग पानन् पान बोट ठेवून तपासायचं. आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या दिल्लीतल्या संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. आणि १९५४ चा कायदा सांगतो, की प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावी. इथे प्रकाशक मीच. ते पुडकं बांधताना मला फार बरं वाटतं. मोलगीच्या वाटेवरची एक गोष्ट देशाच्या ग्रंथालयात जाऊन उभी राहणार असते.

लेखकाकडूनच सगळा खर्च घेऊन, वर छपाईचं 'पॅकेज' देऊन, प्रतींचा गठ्ठा त्याच्या दारात टाकून निघून जाणारे बरेच झाले आहेत. ते संपादन करत नाहीत, वितरण करत नाहीत, फक्त आपलं नाव छापतात. नव्या मुलामुलींना मी कळकळीने सांगते, त्यापेक्षा छापखान्यात स्वतः जा. डिजिटल छपाईत आता शंभर प्रतीही निघतात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी क्रमशः लिहिता येतं, २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तक चढवता येतं, ई साहित्य प्रतिष्ठान तर पुस्तकं वाचकांना फुकट पोचवतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू करून आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. आज ते मोबाइलवर चालतं, डोंगरात नेटवर्क असेल तितकं.

पण पैसा, छपाई, विक्री यांपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. स्वतः छापणाऱ्याला थांबवणारं कुणी नसतं. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथेतलं वाक्यन् वाक्य पारखायचे. लेखकाला ते जाचलंही असेल, पण आपल्या लेखनाकडे कुणी इतकं लक्ष देतं हे केवढं मोठं धन होतं! व्हर्जिनिया वुल्फ यांनी नवरा लेनर्ड यांच्याबरोबर १९१७ मध्ये राहत्या घरात छापखाना मांडला, स्वतः खिळे जुळवले, आणि १९२२ पासून आपल्या कादंबऱ्या तिथूनच काढल्या. त्यांच्या डोक्यावर प्रकाशक नव्हता, तरी हस्तलिखित आधी लेनर्ड वाचायचे. आमच्याकडे तसा संपादक कुठून आणायचा?

मला तो वाचून दाखवण्यात सापडला. आमच्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामात ती फेडायची. अशाच एका कुटुंबावरचं प्रकरण मी अक्कलकुवा तालुक्यात एका ओट्यावर वाचून दाखवत होते. ऐकणाऱ्यांत वर्षानुवर्षं कोयत्यावर गेलेली एक मावशी होती. ट्रक येतो, भांडी चढतात, लहान पोर झोपेत उचललं जातं, सगळं तिने मान हलवत ऐकलं. माझं वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं, "कोंबड्या कुणाकडे ठेवल्या?"

बाकीच्या बायाही लगेच बोलू लागल्या. कुणी सासूकडे ठेवते, कुणी विकून त्या पैशात वाटेचा खर्च करते. ज्या घरात म्हातारं माणूस राहिलेलं नाही, तिथे कोंबड्याही राहत नाहीत. मागे राहिलेल्या म्हातारीला त्या कोंबड्याच सोबत असतात, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या कथेतली आजी त्या दिवशी जन्माला आली. पुढे ती कादंबरीच तिची झाली. कोणत्याही मोठ्या संपादकाने याहून नेमका प्रश्न विचारला असता असं मला वाटत नाही.

साने गुरुजी इथून याच रेल्वेमार्गावर, अमळनेरला होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत, रोज स्वतःच्या हाताने लिहून. त्याला ना छपाई होती, ना वर्गणीदार. वाचणारी मुलं त्यांना नावानिशी माहीत होती. कुणाचं काय चुकतं, कुणाला घरची आठवण येते, कोण आजारी आहे, हे जाणून ते लिहीत. मराठीतल्या इतक्या मोठ्या लेखकाचा हात असा समोर बसलेल्या वाचकासाठी लिहिता लिहिता तयार झाला, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करते. वाचक किती आहेत यापेक्षा ते कोण आहेत हे ठाऊक असणं लेखकाला जास्त घडवतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुस्तक निघालं की पहिल्या प्रती मी आश्रमशाळांतल्या शिक्षकांना आणि गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयांना स्वतः नेऊन देते. सारंगखेड्याच्या यात्रेतही पुस्तकं घेऊन बसते. घोडे बघायला आलेला माणूस पुस्तक उघडतो, आपली बोली दिसल्यावर मोठ्याने वाचून पाहतो आणि बरोबरच्याला हाक मारतो. तिथे विकल्या गेलेल्या प्रतींचा मला सगळ्यात जास्त आनंद होतो.

सध्या सरदार सरोवरात गेलेल्या गावांवर लिहिते आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात पूर्ण किंवा अंशतः बुडाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदेकाठची त्यातली अनेक माणसं आता तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आहेत. पहिला खर्डा झाला आहे. तो घेऊन मला आधी त्या वसाहतींत जायचं आहे, एकेका ओट्यावर बसून वाचायचं आहे, आणि नदी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांचे प्रश्न ऐकायचे आहेत. त्यानंतर निम्मं पुन्हा लिहावं लागेल, कदाचित सगळंच. दिवाळीपर्यंत पुस्तक हवं म्हणून मागे लागलेला कुणी प्रकाशक नाही, त्यामुळे लागेल तेवढा वेळ मी त्याला देणार आहे.