उसने शब्द

नगरच्या जुन्या प्रोटेस्टंट घरांमध्ये प्रार्थनेविषयीची एक धारणा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. प्रार्थना म्हणायची नसते, ती करायची असते; आणि तीही स्वतःच्या शब्दांत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली अहमदनगरला आले (२०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच आहे) आणि त्यांच्याबरोबर ही शिस्तही आली. छापील प्रार्थनांविषयी त्यांना मूळचाच संशय होता. पाठ केलेले शब्द ओठांवरून वाहून जातात आणि मन कोरडे राहते, असे ते मानत. पुढे रेव्हरंड टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगांत आणि भजनांत देवाशी बोलायला शिकवले, तरी घरगुती उपासनेतली प्रार्थना उत्स्फूर्तच राहिली. आमचे वडील या शिस्तीचे कट्टर अनुयायी. लहानपणी प्रभूची प्रार्थना आम्ही आगगाडीच्या वेगाने म्हणत असू, तेव्हा ते मध्येच थांबवीत आणि विचारीत, ‘‘हे कोणाला ऐकवताय?’’ पेशाने ते शिक्षक होते, आणि पोपटपंचीचा त्यांना वर्गात जेवढा तिटकारा, तेवढाच उपासनेत.

अशा माणसाची वाचा गेली. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली, उजवे अंग लुळे पडले आणि भाषा नाहीशी झाली. आम्हां भावंडांची नावे त्यांना येईनात. पाणी हवे असले की ते ‘काल, काल’ म्हणत आणि आपण चुकीचा शब्द बोललो हे कळून डोळे मिटून घेत. समजत होते बरेचसे, पण सांगता येत नव्हते. गिळण्याची शक्तीही गेल्यामुळे नाकातून नळी घातली होती.

भेटायला येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. आमच्या समाजात आजाऱ्याला भेटणे म्हणजे प्रार्थना करणे, आणि प्रार्थना करणे म्हणजे, वर सांगितल्याप्रमाणे, स्वतःच्या शब्दांत. माणसे मनापासून येत, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण माणूस स्वतःच्या शब्दांत बोलू लागला की त्याचे स्वतःचेच पुष्कळ काही बाहेर येते. कोणी प्रार्थनेतून देवाला रोगाचे निदान समजावून सांगे, तर कोणी आम्हां मुलांना प्रार्थनेच्या आडून चार उपदेश करी. शास्त्रपाठ ठरलेले असत : तेविसावे स्तोत्र, नाहीतर एक्याण्णवावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोणीच वाचले नाही. ते शेवटपर्यंत विलापच करते आणि अंधारातच संपते. पवित्र शास्त्राच्या संपादकांनी ते तसेच ठेवले, हे आम्हांला त्या दिवसांत फार मोलाचे वाटत होते. एका प्रचारकाने तर वडिलांच्या उशाशी उभे राहून सांगितले की घरात कुठे तरी पाप किंवा अविश्वास दडलेला असल्याशिवाय असे आजारपण लांबत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते, पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय प्रचारकाने वाचलेला नसेल असे नाही. आई काही बोलली नाही. तिने त्यांना चहा दिला. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून होते, तोवर त्यांच्याइतके चांगले सांत्वन करणारे कोणी नव्हते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी आई इतकी थकली होती की तिला स्वतःचे शब्द सुचेनात. तिने प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापाशी एक जाडसर, घोगरा आवाज तिच्यात मिसळला. वडील म्हणत होते. अडखळत, पण ओळीने, एकही शब्द न चुकता, ‘आमेन’पर्यंत.

आम्ही धावत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की याचा अर्थ सुधारणा असा धरू नका. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये अशा वाचा गेलेल्या रुग्णाचे वर्णन केले. तेव्हापासूनच्या अनुभवातून दिसून आले आहे की नवे वाक्य जुळवता न येणाऱ्या माणसाला अंक, वार, गाणी, शिव्या आणि प्रार्थना म्हणता येऊ शकतात. घोकून पक्के झालेले शब्द मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. १९७३ साली अमेरिकेत सुरांच्या आधाराने बोलणे शिकवण्याची उपचारपद्धती निघाली, तिच्यामागे असेच काहीसे निरीक्षण आहे.

थोरल्या भावाने व्हरांड्यात विचारले, ‘‘मग ती प्रार्थना होती, की नुसती सवय?’’

वडिलांच्याच मापाने मोजले तर ती सवय. त्यांनी आयुष्यभर जिला पोपटपंची म्हटले, तेवढीच त्यांच्याजवळ उरली होती. आणि ती उरली याचे श्रेय, गंमत म्हणजे, आगगाडीच्या वेगाने पाठांतर करून घेणाऱ्या त्यांच्या आईला होते. पण भावाचा प्रश्न घेऊन आम्ही शुभवर्तमाने पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. क्रुसावरचा येशू, ज्याच्या दृष्टांतांना तोड नाही, तो मरणघटकेला स्वतःचे शब्द शोधत नाही. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तांतात तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ ओरडून म्हणतो. लूकच्या वृत्तांतात एकतिसाव्या स्तोत्रातले शब्द घेतो. दोन्ही उसने. त्याच्या कितीतरी आधीच्या कोणा वेदनाग्रस्ताने रचलेले. त्याला कोणी सवय म्हणत नाही.

वहिनी वसईची, कॅथलिक. तिच्या माहेरचे फादर भेटायला आले तेव्हा तिने एवढेच सांगितले की त्यांच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्याकडे फादर आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना तेल लावतात, आणि आजाऱ्याने काही बोलण्याची गरज नसते. पूर्वी लोक या तेलाला भीत, कारण ते शेवटच्या घटकेसाठीच राखलेले असे. १९७२ च्या सुधारित विधीपासून ते गंभीर आजाऱ्यांसाठी आहे. छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाचीही तीच कथा. तो एक अक्षर बोलत नाही. मार्क लिहितो की येशूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला.

काय मागायचे, यावर मात्र आमचे एकमत झाले नाही. भावाला वडील बरे व्हायला हवे होते, बहिणीला ते सुटायला हवे होते, आणि दोघांची प्रार्थना एकाच खोलीत ऐकणे अवघड होई. पाठ प्रार्थनेत हे भांडण मिटले नाही, पण मावले. तिच्यात ‘मी’ कुठेच नाही. ज्याला पाण्याचा घोटही तोंडाने द्यायचा नव्हता असा माणूस, नाकात नळी असताना, आम्हां सर्वांसाठी आजच्या भाकरीची मागणी करी. बहीण त्या शब्दाशी दर वेळी थांबे. ते थांबत नसत.

पुढे छातीत कफ साठला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. तिथे एका वेळी एकालाच, पाच मिनिटे सोडत. त्यांचा आवाज गेला होता. आई आत जाऊन प्रभूची प्रार्थना म्हणे. तिला अर्धे मिनिटही लागत नाही. उरलेल्या वेळात ती त्यांना घरच्या बातम्या सांगे : विजेचे बिल भरले, लिंबाला फुले आली, धाकट्याचा ताप उतरला.